कर्णेवाले दस्तगीरभाई

दस्तगीरभाई तांबोळींनी पहिल्या भेटीत मला विचारलं ते असं : "बाई, हितं मानसं किती हायेत?"

पौडच्या पोस्टात रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. खिडकीबाहेर चारजण उभे होते, आत मी आणि पोस्टमास्तर. मी "सहा" म्हणाले.

"सात. मागल्या खोलीत पोष्टमन निजलाय. नाक वाजतंय त्येचं."

मी मागे जाऊन पाहिलं. पोस्टमन भरदुपारी टपालाच्या थैल्यांवर डोकं टेकून झोपला होता. एका सरकारी नोकराच्या झोपेचं वाटोळं करून आमची ओळख झाली.

पौडच्या बाजारपेठेत त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. दारावर कर्णे टांगलेले, आत वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, आणि भिंतीला लागून फळ्यांवर टेपा. मुळशी तालुक्यात लग्न असो, उरूस असो, हरिनाम सप्ताह असो नाहीतर पुढाऱ्याचं भाषण, कर्णा दस्तगीरभाईंचा. दिवसभर ते लोकांचा आवाज मोठा करत फिरायचे आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतला जाझ ऐकायचे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी पुण्याची. पुण्याबाहेर कुणाला काही कळत असेल हे आमच्याकडे जरा उशिराच मान्य होतं.

हे वेड त्यांना लागलं पुण्याच्या जुन्या बाजारात. जत्रेतली भजनं भरून घेता यावीत म्हणून त्यांनी तिथून एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. त्यावर कुणाची तरी टेप तशीच राहिली होती. लावली तर कुठल्याशा हॉटेलात पियानो, ढोल आणि एक तुतारीसारखं काहीतरी चाललं होतं, आणि माणसं ग्लासं आपटत होती. "पयल्यांदा मला वाटलं भांडनं चालल्यात," ते सांगायचे. "मंग ध्यानात आलं, ह्यो गजर हाय. बुवा एक वळन घेतो, टाळकरी त्येला उलटून टाकत्यात. आपल्या भजनागत. फकस्त देव कुटं दिसत न्हाई." तेव्हापासून सगळे जाझवाले त्यांच्या लेखी बुवा झाले. ड्रम वाजवणारा पखवाजी. सॅक्सोफोन म्हणजे पिपाणी.

बंद खोलीत, स्टुडिओत केलेली रेकॉर्ड ते हातात धरत नसत. लोकांसमोर वाजलेलं तेवढंच खरं. आणि ऐकायचे ते वाजवणाऱ्यांइतकंच ऐकणाऱ्यांना. टाळ्यांवरून छप्पर पत्र्याचं की कौलाचं ते सांगायचे. खुर्च्या आहेत की माणसं जमिनीवर बसली आहेत हेही. त्यांच्या फळीवरच्या टेपांवर वादकांची नावं नव्हतीच. मराठीत चिठ्ठ्या होत्या : 'शिंकेची', 'बाई हसती ती', 'ग्लास फुटलं', 'पाऊस पत्र्यावर'. कुणी हसलं तर म्हणायचे, "बुवा रोज वाजवतो. शिंकनारा त्येच दिवशी आला हुता."

इंग्लंडात एक बस कंडक्टर होते, हॅरी नावाचे. त्यांना रॉकच्या मैफलींच्या टेपा जमवायचा नाद. एका जुन्या मासिकातल्या छोट्या जाहिरातीतून या दोघांची गाठ पडली आणि टेपांची अदलाबदल सुरू झाली. पत्रं इंग्रजीत लिहावी लागत, म्हणून दस्तगीरभाई माझ्याकडे येत. हॅरी तिकडून लाखभर माणसांसमोर झालेल्या गिटारांच्या धिंगाण्याच्या टेपा पाठवायचे. दस्तगीरभाई त्या ऐकून मान हलवायचे. "लई दांडगं हाय. पन ह्यात एक बी खोकला न्हाई वो. नुसता समुद्र. लिवा त्येंना, बारकी गर्दी धाडा." बदल्यात आपण काय पाठवायचं? तर पौडच्या आठवडे बाजाराची टेप. मी म्हटलं, अहो, हसतील ते. हॅरींचं उत्तर आलं की, कांदे विकणाऱ्या माणसाचा आवाज अव्वल आहे, त्याचं आणखी काही असेल तर पाठवा. मी ते पत्र भाषांतर करून वाचून दाखवलं तेव्हा दस्तगीरभाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचा महिनाभर मी ते सांगतील तसंच लिहिलं.

माणूस हट्टी. हट्टी म्हणजे किती, तर एकदा हॅरींनी एका जुन्या मैफलीची नव्याने काढलेली रेकॉर्ड धाडली. मूळ टेप दस्तगीरभाईंकडे होतीच. त्यात पियानो एकटाच चाललेला असताना तिसऱ्या रांगेतला कुणीतरी खोकतो. नव्या रेकॉर्डमध्ये कंपनीने तो खोकला साफ करून टाकला होता. दस्तगीरभाई भर उन्हात पोस्टात आले आणि खिडकीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "लिवा. तुमी एका मानसाचा खोकला चोरलाय. परत ठिवा."

मी लिहिलं. पत्र कंपनीच्या न्यूयॉर्कच्या पत्त्यावर गेलं. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी ते परत आले, "तेच लिवा." दर तीन महिन्यांनी तेच पत्र, नऊ वर्षं. पोस्टमास्तर एकदा म्हणाले, "तांबोळी, कशाला तिकिटं वाया घालवता?" तर म्हणाले, "त्येंनी उत्तर न्हाई दिलं तर त्येंची लाज. मी न्हाई लिवलं तर माझी."

त्यांचा दुसरा नियम असा की मूळ टेप दुकानाबाहेर जायची नाही. नक्कल घ्या, नाहीतर इथे बसून ऐका, चहा मिळेल. कोळवणकडचा एक बडा बागाईतदार पोरीच्या पार्टीसाठी टेप न्यायला जीप घेऊन आला होता. त्याला त्यांनी स्टूल दिलं आणि "बसा, लावतो," म्हणाले. तो तणतणत गेला आणि त्या भावकीतली लग्नं कायमची दुसऱ्या कर्णेवाल्याकडे गेली. त्यांच्या बायकोने, हलिमाभाभींनी, बरंच ऐकवलं. दस्तगीरभाईंनी कानात बोट घालून कानातला मळ काढला आणि म्हणाले, "झालं तुजं? आता ह्ये ऐक."

पण एका टेपेची नक्कलसुद्धा ते कुणाला देत नसत. ती मालेच्या जत्रेची.

मी येण्याच्या आधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. अमेरिकेतला पाचजणांचा जाझचा संच आपल्याकडे दौऱ्यावर आला होता. पुण्यातला कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना मुळशीचं धरण दाखवायला नेलं. परतताना माले गावात रस्ता बंद, कारण गावची जत्रा. देवळासमोर भजनाची स्पर्धा रंगात आलेली आणि कर्णा अर्थातच आपला. पिपाणीवाले बुवा, म्हणजे त्या संचाचे मुख्य, गाडीतून उतरले. बराच वेळ उभ्यानेच भजन ऐकलं. मग गाडीतून पिपाणीची पेटी काढली आणि खुणेने विचारलं, मी वाजवू का? गाव पाहुण्याला नाही म्हणत नाही. दस्तगीरभाईंनी माइक पुढे केला. टेप भजनापासून चालू होती, ती त्यांनी बंद केली नाही.

आता आमच्याकडची रीत. भजनात एखादी जागा आवडली की माणूस उठतो, मंडळाकडे बक्षीस देतो, आणि त्याचं नाव तिथल्या तिथे माइकवरून पुकारतात. गाणं चालूच असतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट नाव पुकारलं नाही तर माणूस रुसतो. नाव पुकारायचं काम दस्तगीरभाईंचं. बुवांचा सॅक्सोफोन जरा कुठे रंगात आला आणि कर्णा कडाडला : "कोंडिबा भागूजी शेडगे, माले, यांच्याकडून बुवांच्या पिपानीला येक रुपाया! मंडळ आभारी हाय!"

टेपेत सॅक्सोफोन तिथे थांबतो. एक क्षण काहीच नाही. मग बुवा तीच पुकार पिपाणीवर वाजवतात. 'यांच्याकडून येक रुपाया' हुबेहूब, चढउतारासकट. गाव हसतं. भजनी मंडळाचा पखवाजी तो तुकडा उचलतो. एवढ्यात रामजी कडूंचा नारळ येतो. कोंडिबाला ते कुठे बघवतंय? तो माइकपासून लांब ओरडतो, आणि तेही टेपेत आहे : "ए दस्तगीर, माझा कोंबडा घे! पुकार माझा कोंबडा!" कोंबडाही ओरडतो. पाचव्या नावापासून तर बुवा मुद्दाम जागा सोडायला लागतात. वाजवता वाजवता थांबतात, पुढचं नाव कोण म्हणून वाट बघतात. अकरा नावं आहेत. शेवटी शेवटी नाव कुठे संपतं आणि पिपाणी कुठे सुरू होते ते कळत नाही. मी आयुष्यात फार संगीत ऐकलेलं नाही, पण त्या टेपेपाशी माझ्या अंगावर दर वेळी काटा आला.

"नक्कल का देत नाही?" मी विचारलं होतं.

"ती माझी हाय व्हय? मालेकरांची हाय. मी फकस्त बटन दाबलं. त्येंनी म्हनावं धाडा, मंग धाडीन."

पुढे ते पिपाणीवाले बुवा वारले. त्यानंतर वर्षाच्या आत पुण्याहून करमरकर आले. प्रभात रोडवर बंगला, रेकॉर्डचा मोठा संग्रह, बोलणं मृदू. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीशी त्यांचा संबंध होता. टेप ऐकून त्यांचे डोळे खरंच पाणावले, हे मी पाहिलं. मग म्हणाले, "अद्भुत आहे. ही जगापुढे यायला हवी. मधलं मधलं ते ओरडणं काढता येईल, आता तेवढं तंत्र आलंय."

"कुनाचं वरडनं?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"ते नारळ वगैरे."

"न्हाई जमनार."

करमरकर मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "राहिलं. निदान एक आठवडा मला ती नीट ऐकायला द्या. माझ्याकडे यंत्र चांगलं आहे. शब्द देतो, स्वतः आणून देईन."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, पोस्टातल्या बाई, त्यांच्या इंग्रजीने आणि इस्त्रीच्या सदऱ्याने भारावलेली, म्हणाले, "द्या हो भाई. शिकलेला माणूस आहे."

टेप आठवड्याच्या आत परत आली, पेढ्यांच्या पुड्यासह. आठ महिन्यांनी हॅरींकडून रेकॉर्ड आली. त्यांना मी पत्रातून मालेची हकिगत लिहिली होती. बिचाऱ्यांनी आनंदाने लिहिलं होतं की, तिकडच्या दुकानात मिळाली, वर 'भारतातील एक खासगी मैफल' असं छापलंय, ही तुमचीच ना?

दुकानात आम्ही ती ऐकली. नावं गेली होती. रुपया गेला, नारळ गेला, कोंबडा गेला. बुवा मधेच थांबत होते आणि एक विचित्र तुकडा वाजवत होते, का ते कळायला काही मार्ग नव्हता. रेकॉर्डच्या पाकिटावर कुणा जाणकाराने लिहिलं होतं की या तुकड्यांत भारतीय अध्यात्माचा प्रभाव जाणवतो. मी ते वाचून दाखवलं. दस्तगीरभाई हसले नाहीत. सुई उचलून ठेवली आणि म्हणाले, "हाक काढून टाकली बाई. ओ तेवढा ठिवला."

मला तोंड वर करवेना. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी करमरकरांना खरमरीत पत्र लिहिलं, त्याचं उत्तर सुरेख अक्षरात आलं : ध्वनीच्या दर्जासाठी काही तडजोडी कराव्या लागतात.

दस्तगीरभाई मालेला गेले. कोंडिबा दोन वर्षांपूर्वी वारला होता, त्याचा मुलगा बबन आता सरपंच. त्याला सगळं सांगितलं. अख्खी टेप बाहेर धाडायला परवानगी मागितली. बबन म्हणाला, "बरं झालं की चाचा, काडलं ते. येक रुपाया, कोंबडं... जग हसलं असतं आमाला. अडानी म्हनलं असतं. नगा धाडू."

तिथून आले ते दुकानात हातावर हात ठेवून बसले. कंपनीच्या रागापेक्षा हा घाव मोठा होता. "मुंबईवाल्यानं नाव खोडलं त्येचं मला काय न्हाई," म्हणाले, "पन पोरगा बापाचं नाव खोडतोय, आन वर बरं झालं म्हंतोय."

पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी त्यांनी पौडच्या चौकात चार दिशांना चार कर्णे बांधले. कुणाला विचारलं नाही. मालेची माणसं बाजाराला येतातच. सकाळी अकराला, बाजार भरात असताना, त्यांनी माइकवर सांगितलं : "मंडळी, आधी मुंबईचं ऐका. मंग आपलं." आणि रेकॉर्ड लावली. लोकांनी थोडं ऐकलं, मग भाव करायला लागले. कुणीतरी ओरडलं, "दस्तगीरभाई, बंद करा की, गिऱ्हाईक पळतंय!"

मग टेप लागली. "कोंडिबा भागूजी शेडगे, माले..."

मी पोस्टाच्या पायरीवर उभी होते. दुसऱ्या नावाला बाजारातला आवाज कमी झाला. अकरातली पाच माणसं तोवर वारली होती. त्यांची नावं चौकात कडाडत होती आणि दर नावामागे पिपाणी ते नाव घेत होती. एक म्हातारी भाजीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "आमचं धनी." बबन शेडगे तांदळाच्या पोत्यांपाशी उभा होता. त्याच्या तोंडावर आधी राग होता, सरळ चालत मशीन बंद करायलाच निघाला होता तो. निम्म्या वाटेत त्याच्या बापाचा आवाज आला : "ए दस्तगीर, माझा कोंबडा घे!" कोंडिबाचा तेवढाच आवाज जगात कुठे शिल्लक होता. बबन जागच्या जागी थांबला. कोंबड्याचं उत्तर पिपाणीने दिलं तेव्हा बाजार खदाखदा हसला, आणि बबनही रडता रडता हसला.

टेप संपल्यावर तो दुकानात आला. "धाडा," म्हणाला.

"कुटं?"

"कुटंबी. समद्या जगात धाडा. ज्येला हसायचंय त्यो हसंल. बा बी हसतच हुता की."

पुढचे पंधरा दिवस दस्तगीरभाई नकला काढत होते. कोऱ्या कॅसेटी पुरेनात, तेव्हा त्यांनी फळीवरून निवडणुकीच्या भाषणांच्या कॅसेटी काढल्या आणि पुढाऱ्यांवर मालेची जत्रा भरली. हॅरींनी आपल्या ओळखीच्या संग्राहकांचे पत्ते पाठवले होते : इंग्लंड, अमेरिका, जपान, कुठे कुठे. मी प्रत्येक नकलेबरोबर इंग्रजीत अकरा नावांचा कागद लिहून दिला, कुणी काय दिलं त्यासकट. या मंडळींत एकाला बातमी कळली की ती वणव्यासारखी पसरते, असं हॅरींनी लिहिलं होतं. खरी टेप हातात आली की त्या रेकॉर्डला कुणी विचारणार नाही.

आणि ज्या दिवशी छत्तीस पार्सलं घेऊन दस्तगीरभाई यायचे होते, त्याच दिवशी सकाळच्या थैलीतून त्यांच्या नावाचं एक रजिस्टर पत्र आलं. मुंबईच्या त्या कंपनीच्या वकिलांकडून. करमरकरांना कुठून तरी कळलं असावं. पाकीट मी उघडलं नाही, पण त्यात काय असणार हे कळायला उघडायची गरज नव्हती. नियमाप्रमाणे माणूस खिडकीवर आला की त्याचं रजिस्टर आधी त्याच्या हातात द्यायचं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एकही नियम मोडलेला नाही, असं मी निरोप समारंभात सांगितलं होतं. ते खोटं आहे.

पाकीट मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. दस्तगीरभाई आले, डोक्यावर एक पोतं, मागे बबन दुसरं पोतं घेऊन. मी एकेक पार्सल वजन करून तिकिटं लावली, शिक्के मारले. पोस्टमास्तर पलीकडून म्हणाले, "बाई, त्यांचं ते रजिस्टर..." मी म्हटलं, "आधी रांगेतलं काम, साहेब." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पार्सलांकडे पाहिलं आणि स्वतः उठून थैलीला लाख लावली. तीनच्या एसटीत थैली चढली. गाडी वळणाआड गेल्यावर मी ड्रॉवर उघडून पाकीट खिडकीतून पुढे केलं.

त्यांनी सही केली. "वाचा."

"मुंबईच्या कंपनीचं आहे. इथे वाचू? लोक आहेत."

"लोकांसाठीच हाय ते. मोट्यानं वाचा."

मी वाचलं, मराठी करत करत. सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कंपनीकडे आहेत. सदर ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढू नयेत, कोणासही देऊ नयेत, अन्यथा कारवाई. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बबनचा चेहरा उतरला होता. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, नोकरी जाईल म्हणून.

दस्तगीरभाईंनी शांतपणे विचारलं, "ह्ये कवापास्नं लागू?"

"हाती पडल्यापासून."

त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. एसटीची धूळ अजून खाली बसत होती. मग एक कोरा कागद पुढे ओढून माझ्यासमोर ठेवला.

"लिवा उत्तर. तुमचं पत्र पोचलं. आमची बी पोचतील."

"एवढंच?"

"येवढंच. आन खाली सही माझी येकट्याची नगं. नावं घाला."

आणि पौडच्या पोस्टाच्या खिडकीवर, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या जत्रेतल्या आवाजात, त्यांनी पहिलं नाव पुकारलं. मी लिहायला लागले. अकराही नावं लिहिली, गावासकट, रुपया, नारळ आणि कोंबड्यासकट.